ऑडिओबुक वेगळं, श्रुतिका वेगळी: घ्यायच्या आधी एवढं बघा

‘ऑडिओबुक मला जमत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाला मी आधी विचारते की नक्की काय ऐकलंत, आणि बऱ्याचदा निघतं असं की ती श्रुतिका होती. अॅपमध्ये दोन्ही एकाच यादीत असतात, मुखपृष्ठ सारखं, लेखकाचं नाव तेच, मग कळणार कसं.

ऑडिओबुक म्हणजे छापलेलं पुस्तक कोणीतरी शब्द न् शब्द वाचलेलं. श्रुतिका म्हणजे त्याच गोष्टीवरून नव्याने लिहिलेलं नाटक, फक्त कानांसाठी. आवाज किती आहेत यावरून ठरवू नका हां, प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाने वाचलेली ऑडिओबुकंही असतात. खरा प्रश्न एकच, लेखकाचं वाक्य शिल्लक आहे की गेलं?

समजा पुस्तकात आहे, ‘आजी दारापाशी आली, आत जावंसं वाटत होतं पण पाऊल उचलेना, तिने कडी सोडून दिली.’ ऑडिओबुकात हे अख्खं ऐकू येतं. श्रुतिकेत पावलं वाजतात, कडी खडखडते, मग शांतता. आत जावंसं वाटत होतं हे आता आपण त्या शांततेवरून ओळखायचं, नाहीतर लिहिणाऱ्याला ते आजीच्या तोंडी घालावं लागतं. म्हणूनच श्रुतिकेत माणसं ‘अरे, एवढ्या रात्री काठी घेऊन कुठे निघालास?’ असं बोलतात, कारण काठी आपल्याला दिसत नाही.

दोघांचा जन्मच वेगळ्या कामासाठी झालाय. १९२४ च्या जानेवारीत बीबीसीने खास रेडिओसाठी लिहिलेलं एक नाटक सादर केलं, ते घडतं कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यावर, म्हणजे पात्रांना दिसत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. किती अचूक जागा निवडली! अंधार, भीती, भांडण, गर्दी यात श्रुतिकेचा हात कोणी धरू शकत नाही. बोलकी पुस्तकं, म्हणजे ऑडिओबुकांचं जुनं रूप, मात्र अंध वाचकांसाठी निघाली, अमेरिकेत १९३४ मध्ये, ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये, आणि एकेका पुस्तकाला ग्रामोफोनच्या कितीतरी तबकड्या लागायच्या. त्यांना नाटक नको होतं, डोळस माणसाला मिळतं तेच पुस्तक हवं होतं.

आता मुलांचं. सगळे म्हणतात लहान मुलांना आवाज-बिवाज, संगीत असलेलं द्या, रमतात. मला हे पटत नाही. माझी भाची पाच वर्षांची असताना तिला एक श्रुतिका लावली तर दर नव्या आवाजाला ‘हा कोण?’, कारण ‘कोल्हा म्हणाला’ हे सांगणारं कोणी नव्हतंच, आणि मधेच वादळ कडाडलं तशी ती मला बिलगली. तीच गोष्ट एका आवाजात वाचलेली लावली, तिसऱ्या दिवशी ती वाक्यं आधीच म्हणून दाखवायला लागली, ‘तेवढ्यात काय झालं’ पासून सगळी. हे वाक्याचं वळण कानात बसणं मला फार मोलाचं वाटतं. शिवाय हातात पुस्तक धरून ओळीवर बोट ठेवत ऐकायचं असेल तर संपूर्ण वाचनच लागतं, श्रुतिकेत ओळी जुळतच नाहीत. झोपताना तर एकच आवाज, शांत. नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांना श्रुतिका खुशाल द्या, लांबच्या प्रवासात सगळ्यांनी मिळून ऐकायला मजा येते.

मोठ्यांनी आधी आपण कुठे ऐकणार ते बघावं. श्रुतिकेत कुजबूज फार हळू आणि आरडाओरडा फार मोठा असतो, रहदारीत कुजबूज हरवते आणि आवाज वाढवला की पुढची किंचाळी कानात बसते. हातात काम असेल तर ऑडिओबुक बरं, क्षणभर लक्ष उडालं तरी निवेदक तुम्हाला परत जागेवर आणतो. चरित्र, इतिहास वगैरे असेल तर विचारच नको, ऑडिओबुक.

अजून एक, लांबी बघाच. इंग्रजी पुस्तक तासाला साधारण ९,००० शब्द या वेगाने वाचलं जातं, म्हणजे ९०,००० शब्दांची कादंबरी दहा तासांच्या आसपास जाते. तीच जर तीन तासांत उरकत असेल तर ती श्रुतिका तरी आहे नाहीतर संक्षिप्त आवृत्ती. वर्णनात ‘नाट्यरूपांतर’, ‘फुल कास्ट’ (दर पात्राला वेगळा कलाकार) दिसलं की बहुतेक श्रुतिका समजा, ‘संपूर्ण’ किंवा ‘अनअब्रिज्ड’ दिसलं की पुस्तक. ‘निवेदक’ म्हणून एकच नाव असेल तर बहुतेक वेळा ऑडिओबुकच.

आणि नमुना ऐकाल तो शक्यतो मधला, सुरुवातीचा नको, सुरुवातीला सगळेच जीव ओतून वाचतात. नळ चालू ठेवून दोन मिनिटं ऐका, सगळे शब्द कळले तर घ्या.