समान वेतन आणि वेतनातली दरी: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

२०२२ च्या ऑक्टोबरात क्रिकेट मंडळाने पुरुष आणि महिला खेळाडूंची मॅच फी सारखी केली. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. तेव्हापासून "झालं की आता सारखं, दरी संपली" हे वाक्य सारखं कानावर येतंय. सांगलीत जरा जास्तच येतं, कारण स्मृती मानधना इथंच लहानाची मोठी झाली. पण त्याच मोसमाचे बाकीचे आकडे बघा. मंडळाच्या २०२२-२३ च्या वार्षिक करारात पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ७ कोटी होते, महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ५० लाख. २०२३ मध्ये डब्ल्यूपीएलच्या, म्हणजे महिलांच्या आयपीएलच्या, पहिल्या लिलावात सर्वांत जास्त बोली स्मृतीवर लागली, ३ कोटी ४० लाखांची. त्या वर्षीच्या पुरुषांच्या आयपीएलसाठी इंग्लंडच्या सॅम करनला १८ कोटी ५० लाख मिळाले. मॅच फी सारखी झाली हे चांगलंच झालं. पण ते समान वेतन झालं. दरी जागच्या जागी आहे.

समान वेतन तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. मालक एक, काम एक किंवा एकाच स्वरूपाचं, तर बाई म्हणून दर कमी करता येत नाही. १९७६ चा समान मोबदला कायदा हेच सांगत होता आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या महिला स्टेनोग्राफरांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार होता, तेव्हा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑड्री डिकॉस्टा यांच्या बाजूने निकाल दिला. गावात जिथं "गड्याचा रोज एवढा, बाईचा रोज एवढा" असं उघड सांगून दोघांनाही एकाच कामाला लावतात, तिथं सरळ हा नियम मोडलेला असतो. त्यात समजायला अवघड काही नाही.

दरी म्हणजे सगळ्या पुरुषांची सरासरी कमाई आणि सगळ्या बायकांची सरासरी कमाई यांतला फरक, पुरुषांच्या कमाईच्या टक्केवारीत. सरासरी धरायची की मधला आकडा, तासाचा हिशोब की महिन्याचा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. कोणता धरला ते सांगा आणि पुढे चला.

खरी गल्लत इथून पुढे होते. समजा, साताऱ्यात एक शिक्षणसंस्था आहे. तिथं दहा पुरुष, दहा बायका. वरच्या पदाला ८०,०००, खालच्या पदाला ४०,०००, दोघांनाही तेच. पुरुषांतले पाच वरच्या पदावर आहेत, बायकांतली एक. पुरुषांची सरासरी ६०,०००, बायकांची ४४,०००. दरी जवळजवळ २७ टक्के, आणि समान वेतनाचा नियम एकदाही मोडलेला नाही. म्हणून "आमच्याकडे सगळ्यांना एकच स्केल आहे" हे दरीच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. मला सर्वांत जास्त चीड याच उत्तराची येते.

आता उलटं करू. दुसऱ्या संस्थेत पुरुषांचं गणित तेच, पण बायकांना वरच्या पदाला ७०,००० आणि खालच्या पदाला ३५,००० देतात. फक्त दहापैकी आठ बायका वरच्या पदावर आहेत. बायकांची सरासरी ६३,००० येते, पुरुषांपेक्षा जास्त. दरी दिसतच नाही, आणि प्रत्येक पदावर प्रत्येक बाईवर अन्याय चाललाय. एका आकड्यावरून दुसरी गोष्ट सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही.

म्हणूनच आपल्या बाजूने बोलणारेही चुकतात तेव्हा मला वाईट वाटतं. "अमेरिकेत त्याच कामाला बाईला डॉलरमागे ८०-८५ सेंटच" असं आठ मार्चच्या भाषणांत हमखास येतं. तो आकडा त्याच कामाचा नाही. वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्या सगळ्या बायका आणि सगळे पुरुष यांच्या कमाईचा आहे. आकडा खरा आहे, पण वाक्य चुकीचं केलं की समोरचा ते खोडतो आणि त्याबरोबर मुद्दाही खोडल्यासारखा होतो.

खोडणारे पुढे म्हणतात, "काम वेगळं, तास वेगळे, अनुभव वेगळा. हे वजा केलं की दरी उरतेच कुठं?" वजाबाकी करायला माझी हरकत नाही. पण फरक कुठून आला हे कळलं म्हणजे तो रास्त ठरला असं होत नाही. काम वेगळं का पडलं, हा प्रश्न वजाबाकीत पुसला जातो.

तासगावच्या द्राक्षबागेत बघा. छाटणी बहुतेक पुरुषांच्या टोळ्या करतात, एकरी उक्तं घेऊन. घडांची विरळणी बहुतेक बायका करतात, रोजावर. विरळणी करणारी बाई मांडवाखाली मान वर करून दिवसभर उभी असते. एका हातात घड, दुसऱ्या हातात बारीक कात्री. दाटीतले मणी काढायचे, राहिलेल्यांना फुगायला जागा ठेवायची, आणि कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागू द्यायचं नाही. एक्स्पोर्टचा माल होणार की नाही, हे बरंचसं या हातावर ठरतं. पण हे "बायकांचं हलकं काम" म्हणून धरलं जातं आणि छाटणी "कसबी". कायद्याची कसोटी कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी अशी आहे. ती इथं लावली तर विरळणी हलकी कशी ठरते, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही. आणि दोन्ही कामं एकाच स्वरूपाची धरली नाहीत, की कायद्याचा हात तिथं पोचत नाही.

एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात तर तो पोचतच नाही, कारण तुलना एकाच मालकाकडच्या कामांची होते. गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंचं उदाहरण घ्या. २००५ पासूनच्या योजनेत त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका धरल्या जातात. त्यांच्या हाती पगार नाही, मोबदला पडतो. सगळ्या बायकाच, त्यामुळे शेजारी तुलनेला पुरुष नाही आणि समान वेतनाचा भंगही नाही.

शिकलेल्या व्यवसायांत दरी आणखी वेगळ्या जागी असते. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलं की श्रीमंत देशांत दरीचा मोठा भाग आता एकाच व्यवसायाच्या आत आहे, आणि तो पहिल्या मुलानंतर वाढतो. जिथं रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्याला तासांच्या प्रमाणाबाहेर पैसा मिळतो, तिथं दरी मोठी. अमेरिकेतल्या फार्मासिस्टांत ती कमी, कारण एकाच्या जागी दुसरा उभा राहू शकतो आणि जेवढे तास तेवढा पैसा. मिरजेत डॉक्टरांची घरं ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. दोघं एकाच वर्षी एमडी झालेली असली, तरी मूल झाल्यावर रात्रीच्या इमर्जन्सी कोण घेतं आणि ठराविक वेळेची ओपीडी कोण धरतं? मग "तिनं स्वतःच निवडलं" म्हणतात. मला हे वाक्य मान्य नाही. दोघांपैकी एकालाच निवड करायला लागली, हा फरक त्यात लपतो.

आणि एक जागा अशी आहे जिथं यातलं काहीच मोजता येत नाही. गळीत हंगामात सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांना ऊस तोडायला जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम कोयत्याला, हिशोब टनावर, आणि तो बहुतेक नवरा आणि मजूर आणणारा मुकादम यांच्यात होतो. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. तिचा दर किती? कागदावर वेगळा नाहीच. त्यामुळे तो पुरुषाच्या दराएवढा आहे की कमी, हे सांगता येत नाही, आणि जिल्ह्यातल्या बायकांची सरासरी काढायला बसलात तर तिच्या नावापुढे लिहायला आकडाही नाही. उचलीच्या कागदावर तिचं नाव आणि तिच्या खात्यावर तिचा वाटा, ही मागणी समान वेतनाच्याही आधीची आहे.