दगडाचं वय आणि खळग्याचं वय

दगडाचं वय भूशास्त्रज्ञ सांगू शकतो. पण त्या दगडावर कुणी वाटीएवढा खळगा कोरला असेल, तर तो कधी कोरला हे कसं कळणार? सेंद्रिय वस्तूचं वय कार्बनवरून काढता येतं. खळगा म्हणजे तर नुसती पोकळी. जे दगडातून काढून टाकलं, त्याची तारीख काढायची तरी कशी?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, अर्गाइल भागातल्या किलमार्टिन खोऱ्यात हा प्रश्न पावलोपावली आडवा येतो. गाव चिमुकलं आहे. खाली कुरणांत मेंढ्या चरतात आणि त्यांच्या मधूनच उभ्या शिळा, शिळावर्तुळं, दगडगोट्यांच्या प्रचंड राशी डोकं वर काढतात. गावाभोवतीच्या दहाएक किलोमीटरच्या टापूत आठशेहून अधिक पुरातन अवशेषांची नोंद आहे आणि त्यांतले दीडशेच्या आसपास प्रागैतिहासिक आहेत. नवाश्मयुगातल्या कबरींपासून मध्ययुगातल्या थडग्यांपर्यंत सगळं इथे जवळजवळ नांदतं.

इथलं सगळ्यात मोठं कातळशिल्प अख्नाब्रेकला आहे. उताराच्या उघड्या कातळावर वाटीसारखे खळगे, त्यांच्याभोवती एकात एक वर्तुळं, आणि मधूनच बाहेर ओघळणारी एखादी पन्हळ. काही वर्तुळं जवळजवळ मीटरभर व्यासाची आहेत. दुपारच्या उन्हात ती दिसता दिसत नाहीत. सूर्य कलला आणि तिरपा प्रकाश पडला की उठून येतात. त्यांचा अर्थ काय, यावर नकाशापासून देवतेच्या डोळ्यापर्यंत वाट्टेल तितके तर्क झाले आहेत. मला त्यांपैकी एकही पटत नाही, आणि अर्थापेक्षा काळाचा प्रश्न जास्त रंजक वाटतो.

कारण काळाचा माग लागतो, फक्त आडवाटेने. तोर्भलारेन इथे अशाच एका कोरीव कातळाभोवती उत्खनन झालं, तेव्हा गारगोटीचे हातोडे सापडले. कोरणाऱ्यांनी टकटक करून झिजलेलं हत्यार तिथेच टाकलं होतं. खळग्याला तारीख नसते, पण त्याच्या पायथ्याशी पडलेल्या कचऱ्याला असू शकते.

दुसरी वाट आहे ती दगडाच्या दुसऱ्या जन्माची. खोऱ्याच्या तळाशी एका रांगेत पाच मोठ्या दगडी राशी आहेत. अशा राशीला तिकडे ‘केर्न’ म्हणतात. खाली दगडी फरशांची पेटी, पेटीत माणूस आणि वर गोट्यांचा ढीग. यातली सगळ्यात जुनी कबर म्हणजे नेदर लार्गी साउथ. ती पाच हजार वर्षांहून जुनी आहे. सुरुवातीला ती एका व्यक्तीसाठी नव्हतीच. लांबट दगडी दालनात अनेकांचे अवशेष ठेवले जात. पुढे हजारेक वर्षांनी, ‘बीकर’ नावाची नक्षीदार मडकी वापरणारे लोक आले आणि त्यांनी याच दालनात आपली मडकी ठेवली. त्यानंतर कुणीतरी बाजूला नव्या पेट्या पुरल्या आणि सगळ्यावर मोठी गोल रास रचली. १८६४ साली विल्यम ग्रीनवेल या पाद्र्याने ती उकरली. पाद्र्यांना त्या काळी उत्खननाचा भारी नाद.

रांगेतल्या उरलेल्या राशी कांस्ययुगातल्या. नेदर लार्गी नॉर्थमध्ये आता झडप सरकवून आत उतरता येतं. आत पेटीच्या झाकणशिळेवर कुऱ्हाडीची दहाएक पाती कोरलेली आहेत आणि तिच्यावरच चाळीसच्या आसपास खळगे आहेत. ही पाती चापट, पसरट धारेची, म्हणजे सुरुवातीच्या कांस्ययुगातली. तसली खरी पाती संग्रहालयांत आहेत आणि त्यांचा काळ इ.स.पू. २००० च्या आगेमागे ठरलेला आहे. इथे कोरीवकामच स्वतःची तारीख सांगून मोकळं होतं. असं भाग्य क्वचितच.

कुऱ्हाडीचं एवढं अप्रूप का? कांस्य बनतं तांबं आणि कथील मिळून, आणि दोन्ही इथे बाहेरून यायचं. तांबं आयर्लंडकडून यायचं, कथील कॉर्नवॉलकडून. इथल्या एका कबरीत जेट या काळ्या, चमकदार दगडाच्या मण्यांची माळ निघाली. तो जेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हिटबीचा. कोपऱ्यातल्या खोऱ्यात इतक्या लांबचा माल येतो, याचं उत्तर नकाशात आहे. दक्षिणेला किंटायरचं लांबलचक द्वीपकल्प समुद्रात घुसलेलं आहे. त्याला वळसा घालायचा नसेल तर इथून जमिनीवरून थोडकं अंतर काटून पलीकडच्या पाण्यात उतरायचं. १८०१ साली खुला झालेला क्रिनन कालवा हीच सोय पाहून खणला गेला. हा आडरस्ता ज्यांच्या ताब्यात, त्यांच्या कबरींवर कुऱ्हाडी कोरल्या गेल्या असाव्यात.

टेम्पल वुडच्या शिळावर्तुळात तेरा शिळा उरल्या आहेत. मुळात बावीस होत्या. एकीवर सर्पिलाची जोडी आहे, आणि ती एका बाजूवरून कडा ओलांडून दुसऱ्या बाजूवर जाते. जवळच नेदर लार्गीच्या उभ्या शिळा आहेत. चंद्र क्षितिजावर उत्तर-दक्षिण जितका जास्तीत जास्त सरकतो, त्या टोकांचं चक्र १८.६ वर्षांचं असतं, आणि या शिळा त्यासाठीच रोवल्या असं अलेक्झांडर थॉम या स्कॉटिश अभियंत्याचं म्हणणं होतं. गणित आकर्षक आहे, पण पुरेशा शिळा आणि पुरेसे डोंगर असले की कुठली ना कुठली रेषा जुळतेच. मला जास्त महत्त्वाची वाटते ती मधल्या शिळेवरची खळग्यांची नक्षी. काही संशोधकांच्या मते ती शिळा आधीच कोरलेल्या कातळातून फोडून आणलेली असावी. तसं असेल, तर शिळा रोवली त्या दिवशी खळगे जुनेच होते.

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं पाहिलेल्यांना हे खळगे ओळखीचे वाटतील. एकोणिसाव्या शतकात ती उकरणाऱ्या जॉन हेन्री रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यालाही वाटले होते. वर्तुळांच्या दगडांवरचे खळगे थेट ब्रिटनमधल्यांसारखे आहेत, हे त्याने आवर्जून लिहिलं. नातं मात्र काही नाही. विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली, आणि किलमार्टिनचे खळगे त्यांच्या हजार-दोन हजार वर्षं आधीचे. दगड आणि हातोडा घेऊन बसलेला माणूस कुठेही आधी खळगाच करतो, इतकाच त्याचा अर्थ.

तरीही किलमार्टिनच्या कोरीवकामात खळगे, वर्तुळं, सर्पिलं आणि कुऱ्हाडी सोडून काही नाही, अशी समजूत पक्की होती. स्कॉटलंडभर तीन हजारांहून अधिक प्रागैतिहासिक कोरीव दगड नोंदलेले आणि त्यांत प्राणी एकही नाही. मग २०२१ साली बातमी आली. हॅमिश फेंटन हा पुरातत्त्वाची पार्श्वभूमी असलेला हौशी माणूस डुनख्रेगेगच्या राशीतल्या पेटीत टॉर्च घेऊन शिरला आणि त्याने प्रकाश झाकणशिळेच्या खालच्या अंगावर टाकला. तिथे हरणं होती. दोन नर, भरदार शिंगांचे, आणि सोबत आणखी काही जनावरं. त्रिमितीय स्कॅन करून तज्ज्ञांनी खात्री करून घेतली. काळ चार ते पाच हजार वर्षांपूर्वीचा. शेकडो लोक त्या पेटीत डोकावून गेले असतील, पण छताकडे टॉर्च धरावा असं कुणाला सुचलं नव्हतं.

दक्षिणेला मॉइन व्होर ही ‘मोठी दलदल’ पसरली आहे. सपाट दलदलीतून एकच खडकाळ टेकडी वर येते. हीच डुनॅड, इसवी सनाच्या सहाव्या ते आठव्या शतकांतल्या दाल रिआडा या गेलिक राज्याचा बालेकिल्ला. आयर्लंडच्या वृत्तांतांमध्ये ६८३ साली हिला पडलेल्या वेढ्याची नोंद आहे, आणि ७३६ साली उत्तर-पूर्व स्कॉटलंडमधल्या पिक्ट लोकांचा राजा ओएंगस याने ती जिंकल्याचीही. उत्खननात दागिने ओतायचे साचे, फ्रान्सकडची मडकी आणि हरताळाचा तुकडा निघाला. हा तोच पिवळा हरताळ, जो आपल्याकडे पोथीतल्या चुकलेल्या अक्षरावर फासत. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. तिकडे तो हस्तलिखितं रंगवायला वापरत असावेत.

या राज्याच्या नावावरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आर्चिबाल्ड गीकी या भूशास्त्रज्ञाने इथल्या खडकांना ‘डालरेडियन’ म्हटलं. खडक सुमारे साठ कोटी वर्षांचे आणि नाव दीड हजार वर्षांपूर्वीच्या राज्याचं.

टेकडीच्या माथ्याजवळ कातळात एक रानडुक्कर, ओघम या आडव्या-तिरप्या रेघांच्या जुन्या आयरिश लिपीतली एक ओळ आणि एक पाऊल कोरलेलं आहे. आपल्याकडच्या पादुकांसारखं हे पूजेचं नाही. नव्या राजाने राज्यारोहणाच्या वेळी त्यात पाय ठेवून भूमीशी लग्न लावायचं, असं मानतात. आज तिथे जाणारा प्रत्येक जण बूट काढून किंवा न काढता पाय ठेवून बघतोच. मात्र तो ठेवतो १९७० च्या दशकाच्या शेवटी वर बसवलेल्या नकली दगडावर. खरं पाऊल त्याच्याखाली झाकलेलं आहे.