एचसीएचसीआर म्हणजे नेमकं कुठलं? डी-टू की डी-थ्री?

प्लास्टिकचा टाकाऊ माल दळणाऱ्या मशीनच्या, म्हणजे स्क्रॅप ग्राइंडरच्या, पात्यांच्या बिलावर नुसतं 'एचसीएचसीआर' लिहिलं असेल, तर अर्धीच गोष्ट कळली. हाय कार्बन, हाय क्रोम या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन पोलादं विकली जातात, डी-टू आणि डी-थ्री. क्रोमियम दोन्हींत साधारण 12 टक्के. दिसायला सारखीच. हार्डनेस टेस्टरवरही दोन्ही 58-60 एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) दाखवू शकतात.

खरी भानगड कार्बनची. डी-टूमध्ये तो दीड टक्क्याच्या आसपास, डी-थ्रीमध्ये दोनच्या वर. कार्बन जास्त, म्हणून कार्बाइडचे (कार्बन आणि क्रोमचे) कडक कणही जास्त. नुसत्या घर्षणात डी-थ्री कांकणभर सरसच. पण ग्राइंडरचं पातं फक्त घासत नाही, दर फेरीला मालावर आपटतं. तिथे डी-थ्रीची धार तुकडा टाकते.

आमच्याकडे एकदा रनरबरोबर, म्हणजे मोल्डिंगमधून उरलेल्या प्लास्टिकच्या दांड्यांबरोबर, पितळी इन्सर्ट (मालात बसवायचा धातूचा तुकडा) आत गेला. एका फिरत्या पात्याची धार पेरभर उडाली. तुटलेली कड खडीसाखरेसारखी दाणेदार. पाती डी-टू म्हणूनच घेतलेली. पोलादाच्या घटकांचा रिपोर्ट काढला, तर मॉलिब्डेनमच्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही. डी-टूला तिथे एक टक्क्याच्या आसपास आकडा लागतो. दाण्यावरून माझा अंदाज असा, की हीट ट्रीटमेंटवाल्याने ते डी-टू समजून हजार अंशांच्या वर तापवलं. डी-थ्रीला साडेनऊशेच्या आसपास पुरतं.

शिवाय कडक करताना तापलेलं डी-थ्री तेलात बुडवावं लागतं, त्यात लांब पातं वाकतं. डी-टू हवेतच कडक होतं, वाक कमी. फिरत्या आणि स्थिर पात्यातली फट मिलिमीटरच्या अंशात ठेवायची असते, म्हणून हे महत्त्वाचं.

अर्थात डी-टू म्हणजे रामबाण नव्हे. प्लास्टिकचे जाड लम्प (गोळे) फोडायचे असतील तर ते 56 एचआरसीपर्यंत उतरवून घ्यावं. धार लवकर बोथट होईल, पण सहज तुटणार नाही. आणि 12 टक्के क्रोम बघून कुणी स्टेनलेस म्हणालं तर हसून सोडा. त्यातलं बरंच क्रोम कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे पेट बाटल्यांच्या ओल्या ग्राइंडरमध्ये पाती गंजतातच.

हल्ली ऑर्डरवर मी 'डी-टू, 1.2379, 57 एचआरसी, दोनदा टेम्पर, रिपोर्टसह' असं लिहितो. 1.2379 हा डी-टूचाच जर्मन क्रमांक, आणि टेम्पर म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं. ही ऑर्डर वाचून एका दुकानदाराने लगेच भाव वाढवून सांगितला.