शोकात्मिकेतील वैवाहिक संशय

जोडीदाराच्या निष्ठेविषयी शंका येऊन मत्सरापायी संसाराचा नाश होणे, हे शोकात्मिकेतील एक जुने कथासूत्र आहे. मत्सर आणि संशय हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. नाट्यविचारात मात्र त्यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. आपले माणूस हिरावले जाईल या भीतीतून मत्सर उपजतो. संशय हा मुळात एक प्रश्न असतो, आणि ज्याला तो विचारायचा त्याला सोडून इतरांकडे त्याचे उत्तर शोधले जाते, यातच या नाटकांतील अनर्थाचे बीज असते.

ग्रीक शोकात्मिकेत संशयाला फारसा वाव नाही. युरिपिडीझच्या ‘मीडिया’त (इ. स. पू. ४३१) पतीचा दगा उघडच आहे; सोफोक्लीझची देयानिरा पतीचे प्रेम परत मिळावे म्हणून त्याला वशीकरणाचे वस्त्र पाठवते आणि ते विषारी निघते.

संशयाची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने रंगमंचावर आणली ती शेक्सपिअरने, ‘ऑथेल्लो’त (पहिला नोंदलेला प्रयोग १६०४). सेनापती ऑथेल्लोची पत्नी डेस्डिमोना व्यभिचारी आहे असे त्याच्या हाताखालचा अधिकारी इयागो त्याच्या मनात भरवतो, तिचा रुमाल पुरावा म्हणून वापरतो, आणि अखेर ऑथेल्लो तिला ठार मारतो. कथानक चिंथिओ या कथाकाराच्या १५६५ मधील इटालियन कथेवरून घेतलेले असले, तरी मूळ कथेत इयागोच्या जागचा अधिकारी स्वतः चोरतो तो रुमाल येथे डेस्डिमोनाच्या हातून पडतो आणि तिची सखी, इयागोची पत्नी एमिलिया, तो त्याचा हेतू न ओळखता इयागोच्या हाती देते. ‘बापाला फसवणारी तुलाही फसवील’ हा सासऱ्याचा पहिल्या अंकातील इशारा इयागो तिसऱ्या अंकात नेमका उकरून काढतो. त्याच्या आरोपाला आधार नसतो, इतकेच नव्हे तर नाटकाचा बहुतेक भाग जेथे घडतो त्या सायप्रस बेटावरील घटनाक्रम इतका थोडक्या काळाचा आहे की, तेथे व्यभिचार घडायला सवडच उरत नाही. ही विसंगती टीकाकारांनी बरीच चर्चिली, प्रेक्षकांना मात्र ती सहसा जाणवत नाही, कारण तेही तोवर इयागोच्या वेगाने धावू लागलेले असतात. चौथ्या अंकात ऑथेल्लो एमिलियाची उलटतपासणी घेतो, ती डेस्डिमोनाच्या शुद्धतेची ग्वाही देते, पण त्याच्या मनात निकाल आधीच लागलेला असतो. मत्सरी माणसाला कारण लागत नाही, तो मत्सरी असतो म्हणूनच मत्सर करतो, असे एमिलियाच एके ठिकाणी म्हणते. या विषयावर लिहिलेल्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा हे एक वाक्य अधिक नेमके आहे.

स्पॅनिश नाटककार काल्देरोन याच्या, स्वतःच्या अब्रूचा वैद्य बनलेल्या पतीवरील नाटकात (प्रकाशन १६३७) संशयाला कुलप्रतिष्ठेचे बळ मिळते. गुत्येर्रे आपल्या निरपराध पत्नीची शीर तोडवून रक्तस्रावाने तिचा अंत घडवतो, आणि हे ठाऊक असूनही राजा त्याला शिक्षा न करता दुसरे लग्न करायला लावतो. येथे भडकवणारा कुणी खलपुरुष नाही. समाजाचे नियमच ते काम करतात. शेक्सपिअरच्याच ‘द विंटर्स टेल’मधील, पत्नीवर संशय घेणाऱ्या राजा लेऑन्टीझ याला तर तेवढेही निमित्त लागत नाही.

मराठीत ‘ऑथेल्लो’चे भाषांतर महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ मध्ये केले, तर गो. ब. देवलांचे ‘झुंझारराव’ हे रूपांतर १८९० मध्ये आले. त्याच देवलांनी ‘संशयकल्लोळ’मध्ये पती-पत्नींच्या परस्परसंशयाची सुखात्मिका केली. तेथे रुमालाची जागा तसबिरीने घेतली आहे, आणि संशय घेणारे मनात कुढत न बसता एकमेकांना तोंडावर जाब विचारतात.