थंड हवेचं ठिकाण पुण्याहून उबदार?

डिसेंबर-जानेवारीत पेपरातला तापमानाचा तक्ता पाहिला, तर पुष्कळदा एक गंमत दिसते. पुण्याचं किमान तापमान महाबळेश्वरपेक्षा कमी! पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर १,३७० मीटरच्या आसपास. किलोमीटरभर उंचीला सरासरी साडेसहा अंश उतरतात, हा शाळेतला हिशेब लावला तर महाबळेश्वर पाचेक अंशांनी गार असायला हवं.

मे महिन्यातल्या दुपारी हा हिशेब जुळतो, कधी त्याहून जास्तच फरक पडतो. उन्हाने आधी जमीन तापते, मग तिच्यामुळे हवा. तापलेली हवा वर चढते, तिथे दाब कमी म्हणून पसरते आणि पसरण्यात स्वतःचीच ऊर्जा खर्च करून गार होते. कोरडी हवा किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंश गमावते. पुण्याचा पारा ३८ वर असताना महाबळेश्वरचा तिशीच्या आसपास रेंगाळतो तो त्यामुळे.

निरभ्र हिवाळी रात्री गणित उलटतं. जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि तिला लागून असलेली हवा गारठते. गार हवा जड, त्यामुळे ती पाण्यासारखी उतारावरून ओघळून सखल भागात साचते. महाबळेश्वरच्या पठारावरची अशी हवा कोयना-कृष्णेच्या खोऱ्यांत उतरते आणि तिची जागा भोवतालची, जमिनीला न लागलेली, म्हणून कमी गारठलेली हवा घेते. मुळा-मुठेच्या खोऱ्यात वसलेल्या पुण्यात मात्र गार हवा साचूनच राहते.

खुद्द महाबळेश्वरातही हेच छोट्या प्रमाणावर घडतं. वेण्णा तलाव खोलगट जागी आहे. कडाक्याच्या पहाटे तिथल्या गवताच्या पात्यांवर, गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरा थर धरतो. त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो आणि मग खरं कोण, यावर वाद रंगतात. दोघंही खरे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंच, पेटीत असतो; गवताचं पातं उघड्या आकाशाखाली. ‘बर्फ पडला’ ही बातमी मात्र चूक. पडत काहीच नाही, जागच्या जागी गोठतं.

पावसाच्या बाबतीत तर नुसती उंची फारसं काही सांगत नाही. अरबी समुद्रावरचं बाष्प कोकण ओलांडून सह्याद्रीला भिडतं, चढतं, गार होतं आणि महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतं. घाटमाथा मागे पडला की हवा उतरू लागते, दाबली जाऊन तापते, ढग विरतात. पाचगणी तिथून पूर्वेला वीसेक किलोमीटर, उंचीत जेमतेम शंभर मीटर कमी, पण पाऊस निम्म्याहूनही कमी! पसरणी घाट उतरून वाईत आलं की हजार मिलिमीटरही भरत नाही. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो, त्यातलाही बराचसा सप्टेंबरातल्या गडगडाटी सरींचा.

माण-फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत देशावर येतात. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही. घाटाच्या या बाजूची भुरभुर त्यांना चालते आणि तेवढ्यावर चारण्यापुरतं गवतही उगवतं.