जपानच्या भट्टीवर स्वतःच्या हातची सुरी: निघण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

जपानच्या सहलीची चौकशी करायला येणारे बरेच जण एक प्रश्न विचारतातच: "तिकडे जाऊन स्वतःची कताना बनवता येते का हो?" सरळ उत्तर असं, की कताना, म्हणजे जपानी तलवार, बनवता येत नाही. सुरी मात्र येते, आणि चांगल्या कारागिराकडे गेलात तर ती पुढची कित्येक वर्षं तुमच्या स्वयंपाकघरात राबेल अशी होते. तलवारीच्या भट्टीवरही पाहण्यासारखं खूप आहे, थोडंफार करण्यासारखंही आहे. कुठे काय मिळतं हे पैसे भरण्याआधी तुम्हाला नीट कळावं, म्हणून हे पत्रक.

तलवार का नाही

जपानमध्ये 1958 च्या शस्त्रकायद्याखाली तलवार घडवण्याचा अधिकार फक्त परवानाधारक कारागिरालाच आहे. परवानाधारक गुरूकडे किमान 5 वर्षं उमेदवारी करायची, सरकारच्या सांस्कृतिक विभागाचं प्रशिक्षण पार पाडायचं, तेव्हा कुठे स्वतःच्या नावाने तलवार घडवता येते. त्यानंतरही मर्यादा आहेच: महिन्याला 2 लांब तलवारी, किंवा आखूड असतील तर 3. घाईत केलेला माल बाजारात येऊ नये म्हणून ही शिस्त आहे, आणि आम्हाला ती मनापासून पटते. त्यामुळे "एका दिवसात सामुराई तलवार बनवा" अशी जाहिरात कुठे दिसली तर समजून घ्या की हातात येणार आहे ती तलवारीच्या आकाराची छोटी सुरी किंवा पाकिटं फोडायचं पातं. ती वस्तूही सुंदर असते, पण आम्ही तिला तलवार म्हणून विकत नाही.

तलवारीच्या भट्टीवर काय पाहाल

तलवारीच्या पोलादाला तामाहागाने म्हणतात. ते शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे तातारा नावाच्या मातीच्या भट्टीत तयार होतं. ही बंद पडलेली परंपरा जपानी कलातलवारींच्या जतनासाठी काम करणाऱ्या संस्थेने 1977 मध्ये पुन्हा सुरू केली. भट्टी फक्त थंडीत पेटते आणि तीन दिवस, तीन रात्री अखंड चालते. साधारण 10 टन लोहवाळू आणि 12 टन लोणारी कोळसा थोडा थोडा करत आत जातो आणि शेवटी भट्टी फोडून अडीच टनांच्या आसपास पोलादाचा ढेप बाहेर काढतात. त्यातलंही निवडक पोलादच तलवारीला लायक ठरतं. हे काम पर्यटकांसाठी खुलं नाही. पण ओकुइझुमोतलं तातारा आणि तलवारींचं संग्रहालय आणि शेजारच्या उन्नान शहरातली सुगाया इथली जुनी भट्टीशाळा पाहिलीत, तर हे सगळं कसं होत असे ते डोळ्यांसमोर उभं राहतं. लोखंडाची आवड असलेल्यांनी वाट वाकडी करून इथे जावंच.

प्रत्यक्ष घडाई पाहायची तर गिफू प्रांतातलं सेकी आणि ओकायामा प्रांतातलं ओसाफुने ही दोन ठिकाणं आम्ही सुचवतो. दोन्हीकडे तलवारींचं संग्रहालय आहे आणि ठराविक दिवशी तिथे घडाईचं प्रात्यक्षिक होतं. सेकीत दरवर्षी 2 जानेवारीला वर्षाचा पहिला घण मारण्याचा विधी असतो, शरद ऋतूत पात्यांची मोठी जत्रा भरते. तारखा जुळवता आल्या तर आम्ही तुमची सहल त्याभोवतीच आखतो.

पोलादाचा तापलेला तुकडा ठोकून लांबवायचा, मधोमध छिन्नीने खाच पाडून दुमडायचा, परत तापवायचा, परत ठोकायचा. दहा वेळा दुमडला की एक हजार चोवीस पदर होतात. दर तावाआधी तुकड्याला भाताच्या पेंढ्याची राख आणि मातीचं पाणी लावतात, म्हणजे पोलादाचा वरचा थर आगीत जळून वाया जात नाही. ठोकण्याआधी ऐरणीवर पाणी शिंपडतात. लाल तुकडा त्यावर ठेवून घण बसला की बंदुकीसारखा आवाज होतो आणि वरची काळी खपली उडून पातं स्वच्छ होतं. लहान मुलं आणि आवाजाचा त्रास होणारी ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

काही भट्ट्यांवर पाहुण्याला घण मारू देतात. गुरू लहान हातोड्याने जागा दाखवतो, त्याच जागी तुम्ही घण आणायचा. जोर लावायची गरज नाही, घणाचं वजनच काम करतं. गुरूने ऐरणीवर हातोडा टेकवला की थांबायचं. दोन-चार घावच मिळतात, पण त्यानंतर म्यानातल्या तलवारीकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल हे आम्ही खात्रीने सांगतो.

तयार तलवार हातात दिली तर पात्याला बोट लावू नका आणि त्यावर वाकून बोलू नका. घामाने आणि थुंकीच्या शिंतोड्याने गंज धरतो.

सुरी कुठे बनवायची

1876 मध्ये सम्राट मेइजीच्या सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली आणि असंख्य तलवारकारांचा रोजगार गेला. त्यांतले कितीतरी हात विळे, कात्र्या आणि स्वयंपाकाच्या सुऱ्यांकडे वळले. म्हणून आज जिथे सुरीची उत्तम घडाई शिकायला मिळते ती बहुतेक गावं जुन्या लोहारांचीच आहेत.

पूर्ण घडाई करायची असेल तर आमची पहिली पसंती एचिझेनला. फुकुई प्रांतातल्या या गावची पात्यांची परंपरा सातशे वर्षांची मानतात. 1337 मध्ये क्योतोहून आलेल्या कुनियासू नावाच्या तलवारकाराने आसपासच्या शेतकऱ्यांसाठी विळे घडवायला सुरुवात केली, असं तिथे सांगतात. ताकेफू नाइफ व्हिलेज ही 1993 पासून चालणारी कारागिरांची एकत्रित कार्यशाळा इथेच आहे. अनेक घरांचे लोहार एका छपराखाली काम करतात आणि वरच्या सज्जातून ते पाहता येतं. मार्च 2024 मध्ये शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, एचिझेन-ताकेफूपर्यंत आली, त्यामुळे तोक्योहून गाडी न बदलता साधारण तीन-सव्वातीन तासांत पोचता येतं.

दिवसभराच्या कार्यशाळेत काम असं चालतं. मऊ लोखंडाच्या पट्टीवर कठीण पोलादाची पातळ पट्टी टाकणखार घालून ठेवतात आणि तापवून, ठोकून दोन्ही एकजीव करतात. धार पोलादाची, अंग लोखंडाचं. पोलाद कठीण म्हणून धार टिकते, आणि लोखंड मऊ म्हणून सुरी सहज तुटत नाही, शिवाय दगडावर घासायला सोपी जाते. हा जोड बहुधा गुरूच देतो, कारण तिथे चूक झाली तर सगळंच वाया. पुढची ठोकाई, आकार कापणं, घासणं यात तुमचा हात असतो. मग येतं पाणी देणं. भट्टीजवळचा उजेड कमी करतात, कारण तापमान रंगावरून ओळखायचं असतं. पात्याचा रंग पिकल्या चेरीसारखा लाल दिसला की क्षणात ते पाण्यात किंवा तेलात जातं. जास्त तापलं तर पातं ठिसूळ होतं, कमी तापलं तर धार धरत नाही. यानंतर हलका ताव देऊन पात्याचा ठिसूळपणा काढतात. हे दोन टप्पे गुरूच्या हातचे. तुम्ही बाजूला उभं राहून रंग पाहायला शिका, एवढंही पुष्कळ आहे.

दिवस मोडणं शक्य नसेल तर ओसाकाजवळच्या साकाईला जा. ओसाकातल्या नांबा स्थानकाहून नानकाई रेल्वेच्या गाडीने पाऊण तासाच्या आत पोचाल. साकाईत एक सुरी एकाच माणसाच्या हातून होत नाही. घडणारा वेगळा, धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा. तंबाखू कापायच्या सुऱ्यांमुळे हे गाव एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) नावाजलं आणि तेव्हाच्या शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या, सरकारने इथल्या मालाला खास शिक्का दिला. पर्यटकांसाठी बहुतेक ठिकाणी धार लावणं आणि मूठ बसवणं असतं, दीड-दोन तासांचं काम. पात्याचं शेपूट लालभडक तापवून मॅग्नोलियाच्या हलक्या लाकडात दाबतात. धूर येतो, लाकूड आतून जळत जाऊन शेपटाची जागा होते. मग मुठीच्या मागून हातोडीचे हलके ठोके देत गेलं की पातं हळूहळू वर सरकतं आणि घट्ट बसतं. मुठीच्या तोंडाशी म्हशीच्या शिंगाचं कडं असतं. ज्यांना ते नको असेल त्यांनी आम्हाला आधी सांगावं, संपूर्ण लाकडी मूठ मिळते.

मुलांबरोबर असाल तर मोठा खिळा तापवून, ठोकून पाकिटं फोडायचं पातं करायची छोटी कार्यशाळा पुरेशी आहे. तासाभरात होते आणि मुलं खूष होतात.

कोणती सुरी, कोणतं पोलाद

आपल्याकडे बऱ्याच घरांत अजून विळी आहे. विळीवर पातं स्थिर राहतं आणि भाजी हलते, सुरीचं उलटं. सवय नसलेल्यांनी नाकिरी घ्यावी. तिचं पातं आयताकृती आणि धार जवळजवळ सरळ असते, त्यामुळे कोबी, मेथी, पालक उभं दाबून चिरायला ती फार सोयीची. सगळ्या कामांना एकच सुरी हवी असेल तर सान्तोकू. घरी सुरमई, पापलेट साफ होत असेल तर जाड पाठीची देबा, माशाचं डोकं वेगळं करायला तिच्यासारखी दुसरी नाही.

कार्यशाळेत "पांढरं" की "निळं" असं विचारतील. यासुगी इथल्या पोलादाच्या वेष्टनाच्या कागदाचे हे रंग, पोलादाचे नव्हेत. पांढरं म्हणजे जवळजवळ निर्भेळ कार्बन पोलाद, त्याला धार झटकन आणि फार तीक्ष्ण येते. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेलं असतं, धार जास्त दिवस टिकते. दोन्ही गंजतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल आणि वापरल्यावर लगेच पुसायची सवय नसेल, तर हट्ट न धरता गंजरोधक पोलादाची सुरी घ्या. कमीपणा काही नाही.

कपडे आणि वागणं

सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट. नायलॉन-पॉलिएस्टर नको, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, साडी, बांगड्या, अंगठ्या भट्टीवर चालत नाहीत. भट्टीजवळ वर शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माचं देवघर असतं, तिथे नमस्कार केलात तर यजमानाला आनंद होतो. 8 नोव्हेंबरच्या आसपास गेलात तर लोहारांचा भात्याचा सण पाहायला मिळू शकतो. आपल्या खंडेनवमीसारखाच, काम थांबवून हत्यारांना नैवेद्य दाखवतात. तिथे तो संत्र्यांचा असतो.

शाकाहारी जेवण आम्ही आधी ठरवून ठेवतो. माशाचा अर्क तिथल्या साध्या भाजीच्या आमटीतही असतो, त्यामुळे ऐनवेळी शोधून मिळेल या भरवशावर राहू नका.

सुरी घरी आणताना

जपानमध्ये 6 सेंटीमीटरपेक्षा लांब पातं कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. कार्यशाळेतून सुरी खोक्यात बंद करून, पावतीसह घ्या, बॅगेच्या तळाशी ठेवा आणि थेट हॉटेलवर जा. खोकं वाटेत उघडून कुणाला दाखवू नका. रेल्वेत उघडी सुरी नेता येत नाही. विमानात सुरी फक्त चेक-इन सामानात जाते, केबिनच्या बॅगेत सापडली तर जप्त होते.

जुनी किंवा नवी तलवार विकत घ्यायचा विचार असेल तर आधी आमच्याशी बोला. जपानमधून नेण्यासाठी सरकारी कागद लागतो आणि भारतात ती 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. घरगुती वापराच्या सुरीचा प्रश्न तसा नाही.

घरी आल्यावर

लाकडी पाटावरच चिरा, ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा स्टीलच्या ताटात नको. नारळ, हाडं, गोठलेलं मटण यांना ही सुरी लावू नका, धारेला खपल्या पडतात. लिंबू, कैरी, कोकम चिरल्यावर लगेच धुऊन कोरडी करा. काही दिवसांत पात्यावर काळपट-निळसर छटा येईल, ती चांगली. नारिंगी डाग दिसला तर तो गंज, लगेच घासून काढा. पावसाळ्यात ठेवून द्यायची असेल तर तेलाचा पुसट हात द्या आणि कोरड्या कागदात गुंडाळा.

सायकलवर चाक घेऊन येणारे धारवाले विळी आणि कात्री छान करतात, पण ही सुरी त्यांच्याकडे देऊ नका. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धार तापते आणि भट्टीत दिलेलं पाणी उतरतं. हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या, दगड भिजवून ठेवा, आणि धारेच्या उलट बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत एकाच कोनात घासत राहा. ती खरखर, म्हणजे बर, टोकापासून टाचेपर्यंत सलग लागली की बाजू बदला. एकतर्फी धारेच्या, म्हणजे एकाच बाजूने घासून धार काढलेल्या, सुरीला मागची बाजू दगडावर सपाट ठेवून फक्त बर काढायची असते. हे तुम्हाला कार्यशाळेत हाताला धरून शिकवतात. तेव्हा फोटो काढण्यापेक्षा घासत राहा.

नाव नोंदवताना

घरात कोणी डावरं असेल तर पहिल्याच फोनमध्ये सांगा. साकाईच्या देबासारख्या एकतर्फी धारेच्या सुऱ्या उजव्या हाताला धरून केलेल्या असतात, डावऱ्यांसाठी पातं वेगळं करावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. खांदा, मनगट किंवा पाठीचं दुखणं असेल तर तेही कळवा, म्हणजे घणाऐवजी घासणं आणि मूठ बसवणं हे काम ठरवता येईल. पात्यावर नाव कोरून हवं असेल तर नावाचा उच्चार देवनागरीत स्वच्छ लिहून द्या. काताकाना या जपानी लिपीत ते कसं बसतं हे आम्ही कारागिराकडून तपासून तुम्हाला आधी पाठवू, तुम्ही होकार दिल्यावरच कोरलं जाईल.