संदर्भसूचीत घरचं संशोधन का सापडत नाही?

जानेवारी २००४. चीनमधल्या एका पशुवैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध छापून आला: बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू डुकरांमध्ये सापडला आहे. पक्ष्यांचे आणि माणसांचे, दोन्ही फ्लू-विषाणू डुकराच्या शरीरात वाढू शकतात. तिथे त्यांची सरमिसळ झाली तर माणसांत पसरणारा नवाच विषाणू तयार होण्याची भीती असते. पण निबंध चिनी भाषेत होता. जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत तो पोचायला ऑगस्ट उजाडला.

मायदेशातल्या नियतकालिकांकडे दुर्लक्ष करण्यात परकेच पुढे असतात असं नाही. देशातल्याच रुग्णांवर लिहिणारे संशोधकही अनेकदा परदेशी निबंधांचे संदर्भ देतात. इंग्रजीतलं पटकन सापडतं, निबंध छापण्याआधी तपासणाऱ्या परीक्षकाच्या ओळखीचं असतं. शिवाय 'इम्पॅक्ट फॅक्टर' आहेच. नियतकालिकाने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला, एवढंच तो सांगतो. अमेरिकन माहितीतज्ज्ञ युजीन गारफील्ड यांनी तो मांडला, आणि कोणत्या निबंधाचा संदर्भ कुठे दिला गेला याची नोंद ठेवणाऱ्या आपल्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'साठी नियतकालिकं निवडायला वापरला. पुढे कित्येक ठिकाणी नेमणुका आणि बढत्याही त्यावर ठरू लागल्या. मग चांगला निबंध आधी बाहेर जातो. घरच्या नियतकालिकाला उरलंसुरलं मिळतं, त्याचे संदर्भ कमी दिले जातात, आकडा घसरतो आणि पुढचा चांगला निबंधही बाहेरच जातो.

यात रुग्णाचं नुकसान कसं होतं? जर्मन भाषक संशोधकांच्या उपचार-चाचण्यांची तुलना १९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्याच लेखकांच्या इंग्रजी निबंधांपैकी ६२ टक्क्यांत उपचाराचा ठळक फरक दिसला होता, जर्मन निबंधांपैकी फक्त ३५ टक्क्यांत. फरक दिसला की निबंध इंग्रजीत, नाही दिसला की घरच्या भाषेत, असा हा कल. फक्त इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरला उपचार आहे त्यापेक्षा गुणकारी वाटणार.

देशी नियतकालिकांतलं परीक्षण काही वेळा ढिलं असतं, हे खरंच आहे. केवळ आपलं म्हणून कच्च्या निबंधाचा संदर्भ देणं मलाही पटत नाही. पण एकाच जातीच्या सापाचं विषसुद्धा प्रदेशानुसार बदलतं. एखाद्या प्रदेशातल्या सर्पदंशावर लिहिताना तिथल्याच रुग्णालयातल्या नोंदी वगळल्या, तर प्रतिविषाच्या मात्रेचा अंदाज कशावरून बांधायचा?